कॅरियरचे चार कान

पौडला एसटी स्टँडसमोर चाँदभाईचं सायकलचं दुकान होतं, आणि तिथं जायचं म्हणजे माणूस आधी मनाची तयारी करून जायचा. का, तर चाँदभाईची जीभ. पंक्चर काढता काढता तो गिऱ्हाइकाची सालटी काढायचा. "ब्रेक हायेत का नुसती शोभा?" "चेनीला तेल पाजायचं न्हाई, तर सायकल घेतली कशाला, पुजायला?" पण हाताला गुण असा, की मुळशी धरणापर्यंतचे लोक त्याच्या शिव्या खाऊन त्याच्याकडूनच सायकल नीट करून न्यायचे. ते दिवसच तसे होते म्हणा. सायकल ही घरातली वस्तू नव्हती, घरातलं माणूस होतं.

चाँदभाईचा खरा जीव मात्र शर्यतीच्या विलायती सायकलींवर. पुण्याचे शर्यतवाले सरावाला पौड रस्त्यानं यायचे आणि त्याच्या दुकानी टेकायचे. त्यांनी कुठून कुठून जमवलेल्या फ्रेमा चाँदभाई उलट्या करून न्याहाळायचा. बैलाचे दात बघून वय सांगावं, तसा हा फ्रेमचे कान बघून वय सांगायचा. कान म्हणजे नळीवर पितळ वितळवून कायमचे झाळून जोडलेले लोखंडाचे बारके तुकडे, कुठं ब्रेकची वायर धरायला, कुठं पाण्याच्या बाटलीचा पिंजरा अडकवायला. जुन्या फ्रेमला असलं काही नसायचं, सगळा मामला क्लिपा आवळून. मग गिअरच्या दांड्यांना कान आले, मग बाटलीला आले. गिअरची वायर पायडलच्या खालून नेणारा कान तर अगदी अलीकडचा. पौडात तो पहिल्यांदा दिसला ऐंशी साली, तेव्हा चाँदभाई जमिनीवर आडवा होऊन बघत बसला होता.

हे वेड मूळचं त्याचं नव्हे, त्याच्या धाकट्या भावाचं, मौलाचं. मौला डावखुरा, सडपातळ, बोलायला मुखदुर्बळ. पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यानं एक गंजकी विलायती फ्रेम आणली होती. एकही कान नसलेली, म्हणजे चांगलीच म्हातारी. पण त्यानं ती घासूनपुसून अशी उभी केली की सायकल निघाली की स्टँडवरची माणसं चहा विसरायची. रविवारी शर्यत आणि उरलेल्या दिवशी शर्यतीच्या गप्पा. वडील बाबालाल गेलेले, दुकान एकट्या चाँदभाईच्या डोक्यावर.

सत्तर सालची गोष्ट. मौला पाहुण्यांकडे गेला होता. चाँदभाईला वाटलं, एवढी पाणीदार सायकल नुसती हुंदडायला कशाला? मागं कॅरियर बसवला तर सूसपर्यंत टायरी पोचवता येतील. आणि या शहाण्यानं काय करावं? त्या फ्रेमला मागच्या बाजूला कॅरियरचे चार कान झाळून टाकले! तेही वरवर नव्हे, चांगलं पितळ आणून, मन लावून, कानस मारून गुळगुळीत करून. भावाला आवडेल असंच त्याला वाटत होतं हो. शर्यतीच्या सायकलीला कॅरियर लावून वर कौतुकाची वाट बघणारा माणूस आमच्या पौडातच सापडायचा.

मौला आला. सायकलीभोवती एक फेरी मारली. म्हणाला, "भाई, माझ्या सायकलीचं गाढव केलंस."

चाँदभाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सगळी पेठ ऐकेल अशा आवाजात तो ओरडला, "गाढव निदान वझं तरी वाहतं! तुझा काय उपेग हाय या घराला?"

दुसऱ्या दिवशी मौला नव्हता. सायकलही नव्हती.

वर्षभरानं खबर आली की घाटात ट्रकखाली एक सायकलवाला गेला, उंचीनं मौलाएवढाच. चाँदभाई धावत गेला, पण तोवर दफन उरकलेलं. कपडे नाहीत, सायकल नाही, बघायला काहीच नाही. तो घरी आला आणि म्हणाला, मौला गेला. त्यांची आई हुसेनबी म्हणाली, "तू बघितलास?" तो म्हणाला, न्हाई. "मग गप ऱ्हा." शबे-बारातला घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेऊन फातिहा देतात. दर वर्षी चाँदभाई म्हणायचा, अम्मा, मौलाचं नाव घेऊ. दर वर्षी म्हातारी मान फिरवायची. पण त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिची नजर पार अधू झाली, हिंमतही खचली. चाँदभाईनं परत विषय काढला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं." त्या एका शब्दानं चाँदभाईलाच रात्री झोप लागली नाही.

शबे-बारातच्या दिवशी सकाळी सूसचा जयसिंग दुकानात आला. घरची शेती, दुभती जनावरं, आणि डोक्यात शर्यतींचं खूळ. खांद्यावर एक हिरवी फ्रेम.

"चाँदभाई, रंग द्यायचाय. नव्यातली हाय, सगळं कान हायेत बघा. पायडलखालचा बी."

चाँदभाईनं फ्रेम उलटी केली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. कान नवे, पण फ्रेम त्या वयाची वाटेना. मागच्या चाकाची पकड जुन्या घडणीची, नळ्यांचे सांधेही जुने. "जयसिंगा, ह्या म्हातारीला तरण्या पोरीचं दागिनं घातल्यात कुनीतरी," असं म्हणत त्यानं मागच्या नळीवरचा रंग खरवडला. रंगाखाली पितळेचा पिवळा ठिपका निघाला. कापून काढलेल्या कानाचा. त्यानं दुसऱ्या बाजूला खरवडलं. तिथंही ठिपका. खाली आणखी दोन.

स्वतःच्या हातानं झाळलेल्या कानांच्या जागा माणूस विसरेल का? चाँदभाई मटकन खाली बसला.

मग त्यानं ते नवे कान खरवडले. पायडलखालच्या कानाभोवती कानशीचे ओरखडे होते, आणि ते उलट्या बाजूला कललेले होते. डाव्या हाताचे. पितळेचा शेवटचा थेंब मागं ओढून बारकी शेपटी सोडलेली. या शेपटीवरून काम शिकवताना बाबालालनं मौलाला कितीदा टपली मारली असेल!

"अरं, पर ह्यो कान तर आत्ताचा हाय," चाँदभाई स्वतःशीच बोलला. "ऐंशीच्या आदी असला कान ह्या मुलखात कुनी बघितला न्हाई." ट्रकची खबर आली ती एकाहत्तरात. मेलेला माणूस कान झाळत नाही.

त्यानं जयसिंगचा दंडच धरला. "कुटनं आनलीस?"

"मामानं मिरजेस्न आनली. तितं टेसनापाशी कोन मिस्तरी हाय म्हनं. का वं? चोरीची हाय का?"

"न्हाई रं बाबा, घरची हाय," चाँदभाई म्हणाला, आणि भर पेठेत त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जयसिंग बिचारा गोंधळून गेला. चाँदभाईला रडताना कुणी बघितलं होतं?

संध्याकाळी फ्रेम खांद्यावर टाकून तो घरी गेला. हुसेनबीला सगळं सांगितलं, तिचा हात धरून कापलेल्या कानांच्या जागांवरून फिरवला. तिनं चारी जागा चाचपल्या.

"मला काय सांगतुयास? म्या कवा म्हनलं गेला म्हनून? घाई तुला झालती."

"अम्मा, पर जिता असून आला न्हाई गं तो. एवढ्या वरसात तुला बघाया सुदीक न्हाई." आणि मग त्याच्या तोंडून खरं ते निघालं. "गेला म्हनलं की मला सोपं व्हतं. आता त्याच्यापुढं कुटल्या तोंडानं उभा ऱ्हाऊ?"

"हाय त्याच तोंडानं. तू त्याला घालवलास. बोलवाया कोन गेलंय?"

तो फटकळ माणूस आईच्या पायाशी जाऊन बसला.

एवढ्यात त्याची बायको रोशनबी चण्याच्या डाळीच्या हलव्याच्या तीन ताटल्या घेऊन आली. एक बाबालालच्या नावाची, एक आजाची, एक मौलाची. हुसेनबीनं हातानं चाचपत तिसरी ताटली बाजूला ओढली.

"ही डब्यात भर. सकाळच्या गाडीनं चाँद मिरजेला चाललाय." मग ती चाँदभाईकडं वळली. "आन् ऐक. आदी डबा त्याच्या हातात दे. तोंड मागनं उघड."