निळा लिफाफा

प्रमिलाकाकूंचा फोन मी दोनदा कट केला, मीटिंग चालू होती म्हणून. तिसऱ्यांदा उचलला तर त्या म्हणाल्या, “हे गेले गं... सकाळी, चहा घेता घेता.” पाच आठवडे झाले, आता कुणाचाही फोन मी पहिल्याच रिंगला उचलते.

दिनकरकाका इथे अमेरिकेत, ॲन आर्बरच्या विद्यापीठात चीनचा प्राचीन धर्म शिकवायचे. निवृत्त झाले तरी विषय सुटला नाही. मी त्यांची शेजारीण, सॉफ्टवेअरवाली, एका जागी पाच मिनिटं न टिकणारी. तरी मला धरून बसवून ते सांगत. सम्राट एरवी दक्षिणेकडे तोंड करून बसायचा, सगळे त्याच्यापुढे वाकायचे. पण वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी तो गोल वेदीवर उत्तरेकडे वळून आकाशापुढे स्वतः वाकायचा आणि सगळ्यात मोठ्या दिवशी चौकोनी वेदीवर पृथ्वीपुढे. आधी तीन दिवस व्रत. आकाशाचा नैवेद्य जाळायचा, पृथ्वीचा पुरायचा. काकांनी त्यात स्वतःची भर घातली होती. दर डिसेंबरात तीन दिवस एकभुक्त राहून वर्षभरातल्या आपल्या चुका ते दोन कागदांवर लिहीत. आकाशाचा निळ्या लिफाफ्यात, त्याच महिन्यात सगळ्यात लहान दिवशी जाळायला. पृथ्वीचा पिवळ्यात, जूनमध्ये परसात पुरायला.

ऑक्टोबरात आमचं वाजलं. माझ्या लेकीच्या नाचाला येतो म्हणाले आणि साफ विसरले. मी दारातच फणकारले, “मेलेल्या सम्राटांचं टाइमटेबल बरं पाठ असतं तुम्हाला!” ते तसेच मागे फिरले. मी नंतरही माफी मागितली नाही.

तरी डिसेंबरात त्यांनी बोलावलंच. बर्फात बार्बेक्यूची शेगडी पेटवलेली, सूर्य उगवत होता. “वैशू, टेबलावरचा लिफाफा आण,” ते म्हणाले. खिशात फोन थरथरत होता. मी धावत गेले, हाताला लागला तो उचलला आणि थेट जाळात टाकला. कडा काळी पडताना दिसलं, पिवळा होता!

“सॉरी काका, निळा आणते, लगेच जाळू.”

“छे, एका सूर्योदयाला एकच,” ते हसत म्हणाले. “निळा आता पुढच्या डिसेंबरात. पृथ्वीचा मी पुन्हा लिहितो. पण जूनमध्ये खड्डा तू खणायचास, सुट्टी काढून.”

जूनपर्यंत ते थांबले नाहीत. पिवळा पुन्हा लिहायचाही राहिला.

परवा काकूंनी तो निळा लिफाफा माझ्या हातात ठेवला. “उघडून बघ हवं तर. मला नाही धीर होत.” ऑक्टोबरचं त्यात काही असेल का? त्या दिवसाची चूक त्यांनी आपल्या नावावर घेतली असेल का? ती तर निम्मी माझी होती... मी लिफाफा खिडकीशी उजेडात धरला. अक्षरांच्या सावल्या दिसल्या, वाचता काहीच आलं नाही. कडेला नखही लावलं. मग स्वतःचीच लाज वाटली. लिफाफा त्यांच्या टेबलावर परत ठेवला.

डिसेंबरला आठ महिने आहेत. माझ्यासारखीला ते कसे जाणार, देव जाणे. रोज ऑफिसच्या आधी काकूंकडे जाते, काकांच्या खुर्चीवर बसते, पाय हलत राहतात. लिफाफ्याकडे बघते. काल काकूंकडून एक कागद आणि निळा लिफाफा मागून घेतला आणि पहिली ओळ ऑक्टोबरची लिहिली.