न वाचता दिलेला अंगठा

पूल ओलांडून झाला तरी ताई बसथांब्याकडे वळेना. तिसरा बसथांबा मागे पडला तेव्हा धाकट्या बहिणीला राहवलं नाही.

"अगं, दिवसभर उभी असतेस, वर ही तंगडतोड कशाला?"

"घरी पोचायची घाई कोणाला आहे?"

ताई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात मुकादम. अठरा वर्षं वाफेत आणि चादरींत गेली. पूर्वी पाळी संपली की काम संपायचं. मग साहेबांनी फोनवर ग्रुप काढला. गाडा भरला की फोटो, वॉर्डात पोचला की फोटो, आणि प्रत्येक फोटोखाली ताईचा अंगठा हवाच. जरा उशीर झाला की फोन, "काय बाई, डोळा लागला का?" त्यामुळे घरीसुद्धा तिचं एकच. वाचायचं नाही, दाबून मोकळं व्हायचं.

"त्या अंगठ्याचा वेगळा पगार माग साहेबांकडे," धाकटीनं नेहमीसारखं चिडवलं.

ताई हसली नाही. थोडं चालून म्हणाली, "गेल्या सोमवारी पोरीनं मेसेज केला. ती आतल्या खोलीत, मी ओट्याशी. वर्गातल्यांनी तिचा कसलासा फोटो ग्रुपवर टाकला होता, सगळे खिदळत होते. छातीत धडधडतंय म्हणाली. आई, आत ये ना, म्हणाली."

"मग?"

"मी अंगठा दिला."

धाकटी जागीच थांबली.

"साहेबांचंच असेल म्हणून गं! आणि भांडी घासत बसले. रात्री वाचलं, तेव्हा तिनं कडी लावलेली."

"माफी मागायचीस."

"मागत होते. मध्येच फोन वाजला, आणि हात गेला त्याच्याकडे. मेला हात! तेव्हापासून शाळेत जात नाही. जेवायला ये म्हटलं की मला अंगठा दाखवते आणि दार लोटून घेते."

धाकटीनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. दोघी तशाच चालत राहिल्या, एकीची चप्पल फरफटत होती.

ताईच्या घराच्या जिन्याशी आल्यावर ताईनं तिचा दंड धरला.

"मावशी आहेस, तुला दार उघडेल ती. मी इथंच पायरीवर बसते. माझी बाजू घेऊ नकोस. मी किती राबते ते तर मुळीच सांगू नकोस. नुसतं ऐकून घे तिचं. आणि काय म्हणाली ते, मी कितीही विचारलं तरी, तिला विचारल्याशिवाय मला सांगू नकोस."