बल्बखाली सुकवलेला लॅपटॉप

अकरा स्क्रू निघाले, बारावा फिरेना. मग त्याच्या डोक्यावर ड्रिल मारलं. झाकण उघडलं तर बोर्डावर हिरवा गंज. पावसाळाभर कपाटात पडून ओल धरलेली.

मी कान्हे गावात चाळीस वर्षं पाण्याच्या मोटरी भरल्या. भरणं म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळणं. शाळा चौथीपर्यंत. लॅपटॉप लेकीचा. लग्न होऊन ती पुण्याला गेली, हा मागं राहिला. त्यात माझ्या बायकोचा आवाज होता. काळा मसाला कसा करायचा ते तिनं लेकीला सांगितलं, लेकीनं ते रेकॉर्ड केलं. बायको जाऊन आठ महिने झाले. मसाल्याशी मला देणंघेणं नाही. आवाज पाहिजे होता.

लेक फोनवर म्हणाली, "आण्णा, हात लावू नका. तळेगावला दुकानात द्या."

"पाच हॉर्सपॉवरची मोटर उघडतो मी. ह्याला काय भ्यायचं?"

ओली मोटर सुकवायची आमची रीत सोपी. थिनरनं धुवायची, पेटीत ठेवायची, आत दोनशे वॅटचा बल्ब लावून दिवसभर झाकायची. मी तेच केलं. बोर्ड धुतला, सगळं परत बसवलं, पेटीत ठेवलं. मोटर लोखंडाची असते, हे संध्याकाळी पेटी उघडल्यावर आठवलं. बटणं एकमेकांना चिकटलेली. पडद्याची कड पापडासारखी वळलेली.

तळेगावच्या दुकानात एक बाई बसतात. त्यांनी आधी वास घेतला.

"आबा, हा भाजलाय का?"

"सुकवलाय."

"चांगला खरपूस सुकवलाय."

"आतला आवाज गेला का, तेवढं सांगा."

त्यांनी कडेची एक चपटी डबी काढली. हार्ड डिस्क. सगळं साठवलेलं तिच्यात असतं. लॅपटॉप मेला तरी ती दुसऱ्या मशीनला लावता येते.

"वाचलीय, नशीब तुमचं. दोन स्क्रूचं काम होतं, आबा. बाकीचे दहा उगाच काढले."

त्यांनी डबी जोडली, फाइल लावली. आवाज आला. घर्रर्र. नुसतीच घर्रघर्र. रेकॉर्ड केलं त्या दिवशी मी ओट्यावर मोटर टेस्टला लावली होती. त्या घरघरीखाली बायको बोलत होती. धने, खोबरं, असं तुटक तुटक. मग एकदम वरच्या पट्टीत,

"आवो, बंद करा की ते! लेकीला सांगतीय न्हवं मी!"

त्यावर माझा आवाज. सगळ्यात स्वच्छ तोच.

"धा मिंटं थांब!"

रेकॉर्डिंग नऊ मिनिटांचं.

ती मोटर मी ओके म्हणून गिऱ्हाइकाला दिली होती. आता नीट ऐकली, तर तिचं बेअरिंग गेलेलं होतं.

बाई म्हणाल्या, "मोटरचा आवाज कमी करून बघू का?"

म्हटलं, "ऱ्हाऊ द्या. तो तवाच कमी करायचा व्हता."