भरती किती वाजता?

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आलो. वळणावरची बाई, उलटी पावलं, आपोआप हलणारा पाळणा... बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि वर म्हणायचो, "यांना आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा." मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर आहे. मीटर चुकीचं रीडिंग दाखवायला लागला की कुठेतरी वायर सैल असते, एवढंच माझं अध्यात्म. तेव्हा ही हकीकत लिहिताना मला लाज वाटते आहे. ती नेमकी कशाची, ते पुढे कळेलच.

आम्ही शारजात अल मजाजला राहतो. लगूनच्या काठापासून दुसऱ्या रांगेतली बिल्डिंग, म्हणजे पत्ता लगूनचा आणि दर्शन समोरच्या बिल्डिंगच्या एसींचं. आमचा फ्लॅट नवव्या मजल्यावर. बरोबर खाली, सातव्यावर, हुसेनचाचा राहायचे. दाभोळच्या खाडीकाठचे. उभी हयात जहाजांवर वायरलेस ऑफिसर म्हणून काढलेली. चाची गेल्यावर मुलाने, फैसलने, त्यांना इकडे आणलं. पण फैसलची नोकरी अबुधाबीला. आठवडाभर तो तिकडेच राहायचा आणि शनिवारी दुपारी यायचा. म्हणजे म्हातारा गाव सोडून आला तो एका रिकाम्या फ्लॅटमध्ये बसायला. हे मी फैसलला एकदा बोलूनही दाखवलं होतं. दुसऱ्याला शिकवायला आपण सगळेच हुशार.

आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. माझ्या हातात जुना रेडिओ बघून त्यांनी विचारलं, "चालतो, की नुसता शोभेचा?" रेडिओ उघडून बघणं हा माझा कॉलेजपासूनचा छंद. त्या दिवशी सातव्या मजल्यावर चहा झाला आणि मग तो दर आठवड्याचा झाला.

चाचांना डोळ्यांनी फार अंधुक दिसायचं, फोन वाचता यायचा नाही. त्यांना रोज हवी असायची एकच गोष्ट – त्यांच्या खाडीची भरती-ओहोटी. खाडी इथून समुद्रापलीकडे, भरतीच्या वेळेचा इथे काडीचा उपयोग नाही. तरी हवी. मी म्हटलं, "रोज फोन करून सांगत जाऊ का?" तर म्हणाले, "फोनवर सांगितलंस तर ती बडबड. रेडिओवर सांग, म्हणजे बातमी."

झालं. गाडीत फोनवरची गाणी रेडिओतून ऐकायला एक काडेपेटीएवढं यंत्र मिळतं ना, ते मी घरात टेबलावर मांडलं. त्याची ताकद ती केवढी – दोन मजले खाली जेमतेम पोचायचं. दर शनिवारी सकाळी सात वाजता पंधरा मिनिटं. आठवड्याच्या भरतीच्या वेळा, दापोली-गुहागरच्या दोन बातम्या, एखादं जुनं गाणं. श्रोता एक. कार्यक्रम संपला की मी खाली जायचो. दाराची कडी माझ्यासाठी काढलेली असायची, टेबलावर दोन कप, आणि चाचांचा निकाल तयार – "आज आवाज फाटला." "आज बातम्या वाचताना घाई केलीस, बायको ओरडली काय?" ओरडलेलीच असायची.

चाचांचा एक नियम होता – आधी कान, मग तोंड. बोलण्याआधी घड्याळ लावून पाच मिनिटं डायलवरची आपली जागा ऐकायची. तिथे कोणीही असेल, कितीही बारीक, तर त्या दिवशी तोंड उघडायचं नाही. "जहाजावर एकाच्या बडबडीत दुसऱ्याची हाक बुडते. माणसं मेलीत त्यानं, समजलास?" त्यांचा हा नियम मला सोयीचाही होता. परका मुलुख. आपलं ते खेळणं कुणाच्या स्टेशनात घुसलं आणि तक्रार झाली तर व्हिसा, नोकरी, पोरीची शाळा – सगळंच खलास. त्यामुळे मी पाच मिनिटं अगदी इमानदारीत ऐकायचो. जागाही डायलच्या पार डाव्या टोकाची निवडलेली, तिथे एरवी चिटपाखरू नसायचं. चाचांच्या रेडिओवर मी काटा तिथे ठेवून चिकटपट्टी लावून टाकली होती, म्हणजे त्यांना चाचपडायला नको. कधी व्यत्यय आलाच, तर मी खाली जाऊन सांगायचो, "चाचा, आज गिऱ्हाईक होतं." ते खूश व्हायचे. नियम पाळला म्हणून.

आता हवामान. इथे उन्हाळा उतरला की सकाळी धुकं पडतं, त्यात नवल नाही. पण त्या आठवड्यात ते चार दिवस हललंच नाही. वारा ठार बंद. काचांवरून पाणी ओघळत होतं, समोरचे एसीसुद्धा दिसेनात. अशा हवेत रेडिओ वेडा होतो. समुद्रावर गार-गरम हवेचे थर बसतात आणि लांबची स्टेशनं त्यातून घसरत येतात. यात अमानवीय काही नाही, पुस्तकातलं विज्ञान आहे. गुरुवारी मी इराण ऐकलं, शुक्रवारी पाकिस्तान, आणि मध्येच दोन मिनिटं गुजराती भजन! चाचांना जाऊन सांगितलं, तर म्हणाले, "हवा अशीच राहिली तर उद्या आपलं कोकण लागेल, इन्शाल्ला."

शनिवारी आमच्या लेकीच्या, ईशाच्या, मैत्रिणीचा वाढदिवस होता, दुबईला. ट्रॅफिक लागायच्या आत निघायचं ठरलेलं. बायकोने, अनघाने, आदल्या दिवशीच बजावलं होतं, "उद्या एक दिवस तुझा रेडिओ नको." आणि लेक म्हणाली होती, "बाबा, यू प्रॉमिस्ड."

तरी सातला पाच कमी असताना मी रेडिओ लावून बसलो. आमच्या जागेवर खरखर. आणि खरखरीच्या तळाशी माणसाचा आवाज. मराठी!

"भरती... भरती किती वाजता..."

मग खरखर. मग पुन्हा, जरा स्पष्ट – "ऐकतोय मी... भरती किती वाजता..."

मला काय वाटलं असेल? मी आनंदाने खुर्चीतून उठलो! कोकण लागलं! मच्छीमारांसाठी असतात ना त्या बातम्या – वारा, लाटा, भरती. फोन काढून चाळीस सेकंद रेकॉर्ड केलं, चाचांना दाखवायला. वहीत नोंदही केली, "बहुधा रत्नागिरीकडचं केंद्र, मच्छीमारांच्या बातम्या." ती वही अजून माझ्याकडे आहे.

बातम्या देणारा माणूस प्रश्न कशाला विचारेल? इतकी साधी गोष्ट. ती मला खटकली होती, हे मी आज कबूल करतो. खटकली, आणि मी ती बाजूला सारली. कारण जागेवर कोणीतरी होतं, नियम म्हणत होता तोंड उघडू नको, आणि दारात अनघा चपला घालून उभी होती. व्यत्यय माझ्या पथ्यावरच पडला होता.

"खाली सांगून येतो," मी म्हटलं.

"संध्याकाळी सांग ना. यल्ला, चल लवकर, धुक्यात रस्ता तुंबेल," अनघा म्हणाली.

लिफ्ट सातव्या मजल्यावरून खाली गेली. मी बटण दाबलं नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला फैसलचा फोन आला. "भाई, अब्बा गिर गये थे. हॉस्पिटलमध्ये आहोत." त्या धुक्याने त्यालाही उशीर केला होता. चाचा स्वयंपाकघरात फरशीवर पडलेले सापडले. टेबलावर दोन कप मांडलेले, चहाची पूड सांडलेली. रेडिओ चालू, चिकटपट्टी जागच्या जागी. आणि दाराची कडी काढलेली.

पक्षाघात. डॉक्टरांच्या अंदाजाने सकाळी साडेसहाच्या आसपास. नऊ-दहा तास माणूस त्या फरशीवर. "लवकर आणलं असतं तर..." एवढंच डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, "ते हाका मारत असतील का?" डॉक्टर म्हणाले, "नाही, वाचा पहिल्या झटक्यातच गेलेली. घशातून शब्द निघणं शक्य नाही."

मी तिथेच बाकावर बसलो आणि फोन काढला. रेकॉर्डिंग लावलं. खरखर... "ऐकतोय मी... भरती किती वाजता..."

फैसल शेजारी उभा होता. तो म्हणाला, "हा अब्बांचा आवाज आहे. कधीचा?"

"आज सकाळी सातचा," मी म्हटलं. "रेडिओवर आला."

मग तो हळू म्हणाला, "तू हे ऐकलंस. ऐकून बंद केलंस. अँड यू वेंट टू अ बर्थडे पार्टी?"

तर्क मी नंतर पुष्कळ केले. चाचांकडे फक्त ऐकायचा रेडिओ होता, बोलायचं यंत्र नव्हतंच. मी तो रेडिओ मागून आणून स्क्रू न् स्क्रू उघडून पाहिला, आत काहीही जास्तीचं नाही. जुनं एखादं रेकॉर्डिंग कुठून लागलं म्हणावं, तर चाचांना आम्ही कधी रेकॉर्ड केलंच नव्हतं. कुणा अनोळखी कोकणी माणसाचा आवाज? असेल. पण मग फैसलने पहिल्या शब्दाला ओळखला तो कोणाचा? माझा एक मित्र म्हणाला, "धुक्यात काहीही होतं रे हबीबी." त्याच्याशी मी बोलणं टाकलं.

चाचा नऊ दिवस होते. मी रोज जायचो. पहिल्या दिवशी बेडजवळ बसून मी त्यांना भरतीची वेळ सांगितली. त्यांचा डावा डोळा उघडा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मान भिंतीकडे वळवली. नर्स म्हणाली, "ही कान्ट कंट्रोल इट, सर." असेल तसंही. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून नुसता बसून राहिलो, वेळा सांगायचं धाडस झालं नाही.

दफन इथेच झालं. त्यांना खाडीकाठी जायचं होतं, ते राहिलं. फैसलने फ्लॅट सोडला. जाताना त्याने मला तेवढं रेकॉर्डिंग पाठवायला सांगितलं. पाठवलं. त्याचं उत्तर आलं नाही, येऊही नये.

ते काडेपेटीएवढं यंत्र मी कचऱ्यात टाकलं. रेडिओ ठेवला. अजून धुकं पडलं की सकाळी सातला पाच कमी असताना लावून बसतो. इराण येतं, पाकिस्तान येतं. मागच्या हिवाळ्यात तर खरंच कोकणातलं केंद्र लागलं होतं, कोणीतरी बाई आंब्याच्या मोहोराविषयी बोलत होती. तो आवाज आमच्या जागेच्या आसपासही नव्हता, डायलच्या पार उजवीकडे होता.

त्या शनिवारी मी काय ऐकलं, त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही. वाचकांपैकी कुणी जाणकार असेल तर जरूर कळवा... पण खरं सांगू? वायर सैल होती एवढंच जरी निघालं, तरी कडी काढलेलीच होती आणि मी दोन मजले उतरलो नव्हतो.

आता डाव्या टोकाला मी घड्याळ लावून पाच मिनिटं ऐकतो. मग दहा. कोणीही नसतं. चाचांच्या नियमाप्रमाणे मी आता बोलायला मोकळा आहे.