जयमालामावशींचा वेडा हिरो

आमच्या नेरूळच्या सोसायटीत शनिवारी दुपारी चार वाजता सगळ्या बायका जयमालामावशींकडे सापडायच्या. त्यांचे यजमान विलासकाका वाशीच्या मार्केटात भाजीच्या गाळ्यावर कामाला. थंडीत ते पोतंभर मटार आणायचे, आणि चारची मालिका बघता बघता बायका मटार सोलायच्या. मालिकेतला हिरो एका मुलीसाठी वेडा झालेला. तिच्या मागे फिरायचा, दारात फूल ठेवायचा, तिच्याशी कुणी हसून बोललं की त्याचा काटा काढायचा. तो दिसला की सगळ्यांचे हात थांबायचे. भीती वाटायची, तरी उठवत नसे. मीही त्यातलीच.

मावशींना मात्र तो आवडायचा. "कुणी आपल्यासाठी एवढं वेडं व्हायला नशीब लागतं गं," म्हणायच्या. बायकोने नवी साडी नेसलीय हे विलासकाकांना सण उलटून गेल्यावर कळायचं, त्यामुळे मला मावशींचं नवल वाटत नसे.

शहाण्णव साली मी, प्राची, अठरा वर्षांची होते आणि बेलापूरला कॉम्प्युटर क्लासला जायचे. डिसेंबरात एक मुलगा आमच्या बसस्टॉपवर उभा राहू लागला. मी बस सोडली की तोही सोडायचा. एकदा बिल्डिंगच्या गेटपर्यंत आला. बाबांनी क्लास आधीच नाखुशीने लावला होता. त्यांना कळलं असतं तर क्लास बंद आणि स्थळं सुरू. म्हणून मी गुपचूप सकाळची बॅच सोडून दुपारची घेतली. आमची किल्ली मावशींकडे असायची, म्हणून त्यांना वेळ सांगितली, कारणही सांगितलं.

"दिसायला कसा आहे?" त्यांनी विचारलं. मी रागाने निघून आले.

पुढच्याच शनिवारी क्लासच्या जिन्यात तो उभा. हातात फूल.

"वेळ बदललीस, मला सांगितलं नाहीस," तो शांतपणे म्हणाला आणि माझं मनगट धरलं. सोडेना. वरून मुलं उतरली म्हणून सुटले, नाहीतर काय झालं असतं ते आजही मनात आणवत नाही.

घरी मनगट लपवता आलं नाही. बाबा ओरडले नाहीत, त्यानेच जास्त भीती वाटली.

"नवी वेळ त्याला कुणी सांगितली?"

"मी नाही, बाबा."

"मग त्याला स्वप्न पडलं? उद्यापासून क्लास बंद."

दार उघडंच होतं. मालिका संपली होती आणि मावशी आमच्या वाटणीचे मटार घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. मागे जिन्यात बाकीच्या बायका. मावशींनी माझ्या मनगटावरचे वळ पाहिले. कुणी काही विचारलं नव्हतं. गप्प राहिल्या असत्या तरी चाललं असतं.

"भाऊजी, तिला बोलू नका. वेळ मी सांगितली," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "सोमवारी फूल घेऊन गेटवर आला होता, हिची चौकशी करत. मला वाटलं, पोरगा किती जीव लावतो. चौकीत चला, तिथेही हेच सांगते."

चौकीत त्यांनी तसं लिहून दिलं. क्लास चालू राहिला, कारण सोमवारपासून मावशी माझ्याबरोबर येऊ लागल्या. शनिवारीसुद्धा. मी आत असेपर्यंत जिन्यात पायरीवर बसायच्या. तो एकदा आला आणि त्यांना पाहून खालूनच परत फिरला. कोर्स संपेपर्यंत, एप्रिलपर्यंत, त्या रोज दुपारी माझ्यासाठी तिथे बसल्या.

त्या दुपारच्या घरी नसतात हे विलासकाकांना मार्चमध्ये कळलं.