पेंटर चाचांनी निवडलेली नावं

पेंटर चाचा माणसाचा हात आधी पाहायचे, तोंड नंतर. मैदानावर कुणी नवा मुलगा आला की त्याला नाव-गाव विचारणं नाही. आपली पाण्याची बाटली त्याच्या पायाशी ठेवायची, वीस-पंचवीस पावलं लांब जायचं आणि ओरडायचं, "ती बाटली फेक मन्हाकडे!" बाटली हातात पडेपर्यंत त्यांचं मत झालेलं असे. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणत, "मास्तर, याना खांदा बोलस."

नंदुरबारच्या बाजारात दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवणं हा त्यांचा पिढीजात धंदा. आमच्या शाळेत मी क्रीडाशिक्षक होतो. बेसबॉलच्या मैदानावर चुन्याच्या रेषा आखायला एकदा त्यांना बोलावलं, आणि ते परत गेलेच नाहीत असं म्हटलं तरी चालेल. रोज संध्याकाळी दुकान बंद करून सायकलवर यायचे. खेळाचे नियम त्यांना शेवटपर्यंत नीट कळले नाहीत. मी समजावू लागलो की हात हलवून मला थांबवायचे. "नियम तू देख. हात मी देखस."

पुण्याचा एक व्यावसायिक संघ दरवर्षी आमच्याकडे चाचणी घ्यायचा. जिल्ह्यातल्या हौशी मुलांमधून एखाद-दुसरा निवडायचा. राहणं, खाणं, शिक्षण त्यांचं, शिवाय दरमहा पैसे. निवडीच्या कागदांवर शिफारस करणारा म्हणून माझी सही असे, पण मुलं शोधलेली असत चाचांनी. पहिल्या वर्षी कळसाडीचा एक जाडसर कॅचर गेला. उसाच्या मोळ्या ट्रॉलीवर फेकताना चाचांनी त्याला पाहिलं होतं. दुसऱ्या वर्षी धानोऱ्याचा डावखुरा गेला आणि दोन महिन्यांत परतही आला, कारण तिथल्या जेवणात मिरची नसते. तिसरा विसरवाडीच्या हायवेवर पंक्चर काढणारा. चाचा तिथे बसची वाट पाहत उभे होते. दुकानातून कुणीतरी पाना मागितला आणि या पोरानं तो रस्त्याच्या पलीकडून अचूक फेकला. चाचांनी दोन बस सोडल्या.

मैदानाच्या कडेला सामानाची खोली होती. तिच्या भिंतीवर चाचा या मुलांची नावं रंगवायचे, वर्ष घालून, सावली देऊन. तेही निकालाच्या आधी. मी म्हणायचो, "चाचा, नाही घेतला तर?" ते ब्रश धुता धुता म्हणायचे, "ते त्यास्नं नशीब. मी तं निवडा ना!" परत आलेल्या डावखुऱ्याचं नावही त्यांनी पुसू दिलं नाही.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी सायसिंगला आणलं. धडगावला एका दुकानाची पाटी रंगवायला गेले असताना हा पावरा आदिवासी पोरगा दगडानं कैऱ्या पाडत होता. कैरीला दगड लागत नव्हता, देठाला लागत होता. चाचांनी त्याला बसमध्ये घालून नंदुरबारला आणलं आणि पंधरा दिवस आपल्या घरी ठेवलं. मी त्याला पाहिलं तेव्हा नजरेत भरले ते त्याचे हात. उभा राहिला की बोटं जवळजवळ गुडघ्याला टेकत. तो मला पाहून हसला. "सर, मी तुमच्या शाळेत होतो. पहिलीत." मला काही आठवलं नाही.

चाचणीत त्याचा चेंडू पाहून पुण्याच्या साहेबांनी गती मोजायचं यंत्र दोनदा तपासलं. संध्याकाळपर्यंत निवड पक्की झाली. चाचांनी नाव आदल्या दिवशीच रंगवलं होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद तपासायला घेतले. अट अशी की वयाची अठरा वर्षं पूर्ण नसावीत. अर्जात चाचांनी सतरा लिहिलं होतं. शाळेच्या रजिस्टरच्या उताऱ्यावर एक जून ही जन्मतारीख होती, आणि त्या हिशेबानं तो अठरा वर्षं दहा महिन्यांचा होता.

तो उतारा मूळ पानाची झेरॉक्स होता. पान माझ्या हातात आलं आणि मी अक्षर ओळखलं. माझंच होतं.

माझी पहिली नोकरी धडगावकडच्या डोंगरातल्या शाळेत, पाच वर्षं. पहिलीचा पट भरायचा होता आणि कुणाकडेच जन्माचा दाखला नव्हता. आम्ही सगळ्यांना एक जून घालायचो. वर्ष ठरवायची रीत ठरलेली: मुलानं डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायचा. कान हाती आला तर सहा वर्षं पूर्ण. ज्याचे हात इतके लांब, त्याला चौथ्या वर्षीही कान सापडणारच. ज्या हातांसाठी चाचांनी त्याला निवडलं, त्याच हातांमुळे मी त्याला एक-दोन वर्षांनी तरी मोठं करून ठेवलं होतं.

साहेब चिडले. "चाचा, वय लपवून पोरं आणता? हे धंदे आमच्याकडे चालणार नाहीत."

"पोऱ्या सतरानाच शे साहेब. कागद खोटा शे."

"म्हणजे सरकारी कागद खोटा, आणि तुम्ही खरे?"

खोलीतले सगळे हसले. चाचा माझ्याकडे वळले. "मास्तर, तू त्याच शाळामा व्हता ना? सांग ना यास्ले."

मला एकच वाक्य बोलायचं होतं: ही तारीख मी अंदाजानं लिहिली आहे. पण तेव्हा माझी मुख्याध्यापकपदाची फाइल वर गेलेली होती. खोट्या नोंदीची चौकशी, जुनी रजिस्टरं, इतर किती मुलं निघतील, हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. मी म्हणालो, "कागदावर आहे तेच धरावं लागेल, चाचा."

सायसिंग दाराशी उभा होता. त्यानं पायातले बूट काढले, ते संघाचे होते, आणि जोडी नीट लावून ठेवली.

चाचांना मैदानावर येऊ देऊ नये, असं साहेबांनी सांगितलं आणि शाळेनं ते मानलं. भिंतीवरचं सायसिंगचं नाव पुसायचं काम माझ्यावर आलं. शिपायाला सांगता आलं असतं. पण त्यानं कारण विचारलं असतं, म्हणून मीच चुन्याचा हात फिरवला. चाचांचा रंग पक्का. तीनदा फिरवावा लागला.

त्यानंतर ते संध्याकाळी कुंपणाबाहेरून सायकलनं जाताना दिसत. थांबत नसत. बाजारात एकदा समोरासमोर आलो, तर म्हणाले, "काय मास्तर, हेडमास्तर व्हयना का?"

"झालो, चाचा."

"भलं व्हयनं. मंग पेढा कोठे शे?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

मागच्या वर्षी ते आजारी पडल्याचं कळलं. एका दुपारी त्यांच्या घरी गेलो, खाटेशेजारी स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. कान धरण्याची रीत, अक्षर, फाइल. ते छताकडे पाहत ऐकत होते. मी म्हणालो, "चाचा, मला माफ करा."

मग ते म्हणाले, "माले काबर सांगस? मन्हं काय गयं? गयं ते त्यानं. त्याले सांग."

मी हो म्हणालो. आणि गेलो नाही. परीक्षा होत्या, मग सुट्टी, मग रस्ता खराब. चार महिन्यांनी चाचा गेले. त्यांना माती देताना मी गर्दीत मागे उभा होतो. त्यांच्या मुलानं मला पुढे बोलावलं, "सर, अब्बा तुमचं नाव काढायचे." मी पुढे गेलो नाही.

पंधरा दिवसांनी धडगावची बस धरली. सायसिंग नुकताच गुजरातेतून ऊसतोड संपवून आला होता. अंगणात बाज टाकून त्यानं मला बसवलं. चाचा गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. ऐकून तो उठून घरामागे गेला आणि खूप वेळानं परत आला. मग मी उरलेलं सांगितलं. तो रागावेल, निदान जा म्हणेल, असं वाटलं होतं. त्यानं विचारलं, "म्हणजे माझं खरं वय किती, सर?"

मला माहीत नव्हतं. मी तसं म्हणालो.

त्यानं आत चुलीपाशी बसलेल्या आईला त्यांच्या बोलीत विचारलं. तिनं मान वर न करता लगेच उत्तर दिलं. सायसिंगनं मला सांगितलं, "पाड्यावर विजेचे खांब आले त्या पावसाळ्यानंतर, कापणीत. ती म्हणते, हे तिला कधी कोणी विचारलं नाही."

खांब आले ते वर्ष माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष. मी बोटांवर मोजलं. चाचणीच्या दिवशी त्याला सतरावं चालू होतं. सवयीनं माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला.

"नका लिहू, सर," सायसिंग म्हणाला.