बॅटरीला लावलेलं लोणी

आम्ही मंगोल लोक नव्या वस्तूला लोण्याचं बोट लावतो, तो आशीर्वाद. पण शेजारच्या तंबूतल्या दोर्लिगजावला कुठं थांबावं हे कळत नाही. परवा त्यानं सोलरची नवी बॅटरी जोडली आणि दिवा काही लागेना. त्यानं वायरी काढल्या, पुसल्या, पुन्हा कसल्या. "ऊन आहे, वायर आहे, मग वीज जाते कुठं?" म्हणून माझ्यावरच खेकसला.

चहा ढवळत त्याच्या बायकोनं, नानसलमानं विचारलं, "अहो, लोणी कुठं लावलंत?"

"मानाच्या जागी. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर, वायरी बसतात तिथं."

थंडीनं थिजलेलं लोणी तिनं फडक्यानं खरवडून काढलं, वायरी बसवल्या. दिवा लागला.

दोर्लिगजाव फडक्याकडेच बघत होता. "पण आशीर्वाद तर यात गेला."

"मग बांधा ते बॅटरीच्या मुठीला."

त्यानं खरंच बांधलं, आणि हळूच मला विचारलं, "यानं वीज अडणार नाही ना?"